नवी मुंबईतील पारंपरिक होडीबांधणी

नवी मुंबईतील पारंपरिक होडीबांधणी हा ठाणे व पनवेल खाडीकाठच्या कोळी-आगरी गावांशी निगडित, नागरीकरणामुळे क्षीण झालेला व्यवसाय आहे. सीवूड्स परिसरातील करावे व दारावे ही गावे याच किनारपट्टीत मोडतात.

स्वरूप

होडी बांधण्यासाठी भरतीचे पाणी पोहोचेल अशी उताराची मोकळी जागा लागते. प्रथम तळाचा लांब लाकडी कणा, म्हणजे पठाण, मांडतात. त्यावर वाक उभारून फळ्या ठोकतात. सांधे कापूस व राळ भरून बुजवतात. तयार होडी उधाणाच्या भरतीला पाण्यात लोटली जाते.

ऱ्हास

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निश्चित झाल्या. भराव, वसाहती व पाम बीच मार्ग यांमुळे गावे खाडीपासून दुरावली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील १९८४ च्या जासई आंदोलनानंतर साडेबारा टक्के योजना आली; तिचा आधार संपादित खासगी जमीन हा होता. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील वहिवाटीच्या जागेला सातबारा नसल्याने तिची भरपाई या योजनेत बसत नव्हती. फायबरच्या होड्यांमुळे लाकडी होड्यांची मागणीही घटली.

कायदेशीर स्थिती

२०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने पारंपरिक होडीबांधणीच्या जागांना तिसऱ्या वर्गात, म्हणजे मुख्यतः ग्रामीण किनाऱ्यावर, स्पष्ट मुभा दिली. विकसित शहरी किनारा दुसऱ्या वर्गात मोडतो. त्यामुळे गाव विकसित शहरी किनाऱ्यात गणले गेल्यास या तरतुदीचा आधार सुटत असे.