काळजी की पाळत? लंडनमधील भारतीय विद्यार्थ्यांची कहाणी

१/
१ जुलै १९०९ ची रात्र. लंडनमधील इंपीरियल इन्स्टिट्यूटच्या जहांगीर हॉलमध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी स्नेहसंमेलन भरले होते. परमुलखात एकट्या पडलेल्या तरुणांची इंग्रज कुटुंबांशी ओळख व्हावी, हा त्यामागचा हेतू. संमेलन संपता संपता गोळ्यांचे आवाज झाले. सर विल्यम कर्झन वायली कोसळले, डॉ. कावस लालकाका यांचाही त्या गोळीबारात अंत झाला.
(दीर्घ थ्रेड)

२/
गोळ्या झाडणारे मदनलाल धिंग्रा आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. क्रांतिपर्वातील हा अध्याय अनेकदा सांगितला गेला आहे. आज आपण त्याच सभागृहाकडे वेगळ्या बाजूने पाहू. ते विद्यार्थी तेथे का जमले होते? त्यांच्या क्षेमकुशलाची चिंता कोण करीत होते? आणि त्या चिंतेवर त्यांचा विश्वास का नव्हता?

३/
प्रथम पार्श्वभूमी. १८४५ मध्ये द्वारकानाथ टागोर यांच्यासमवेत कलकत्ता मेडिकल कॉलेजचे चार विद्यार्थी लंडनला वैद्यकाच्या शिक्षणासाठी गेले. पुढे सनदी सेवेची स्पर्धापरीक्षा लंडनमध्ये होऊ लागली, बॅरिस्टरीची सनदही तेथेच मिळे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि प्रवास सोपा झाला. १९०७ पर्यंत ब्रिटनमधील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ७०० झाली होती.

४/
हे विद्यार्थी राहत कोठे? विद्यापीठांनी त्यांच्यासाठी काही खास सोय केलेली नव्हती. बहुतेकांना खासगी घरांत भाड्याची खोली शोधावी लागे. घरमालकीण देईल ते जेवण, कोळसा जळेल तेवढीच ऊब. आजारपण आले, पैसे उशिरा पोहोचले, तर विचारपूस करणारे कोणी नसे. घरी पत्र जायला आणि उत्तर यायला मिळून महिना उलटून जाई.

५/
१८८८ च्या सप्टेंबरअखेर मोहनदास गांधी लंडनला पोहोचले, तेव्हा त्यांना एकोणीस वर्षे पूर्ण होत होती. मांसाहार न करण्याचे वचन त्यांनी आईला दिले होते. घराच्या आठवणीने रात्री आपले डोळे भरून येत, असे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नोंदवले आहे. पोटभर जेवणाच्या शोधात ते दिवसाला दहा-बारा मैल पायपीट करीत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले, तो त्यांच्या आयुष्यातील एक आनंदाचा क्षण ठरला.

६/
या एकटेपणाची दखल घेणारी पहिली महत्त्वाची संस्था म्हणजे नॅशनल इंडियन असोसिएशन. मेरी कार्पेंटर यांनी ती १८७० मध्ये ब्रिस्टल येथे स्थापन केली. १८७७ ते १९०५ या काळात तिची धुरा एलिझाबेथ ॲडलेड मॅनिंग यांनी सांभाळली. विद्यार्थ्यांसाठी माहितीपुस्तिका, राहण्याच्या जागेविषयी सल्ला आणि संध्याकाळचे स्नेहमेळावे, असे संस्थेचे काम चाले.

७/
मॅनिंगबाईंच्या घरी गांधीजीही जात. संकोचापायी तेथे ते मुखस्तंभ होऊन बसत, हेही त्यांनीच लिहिले आहे. पण बोलता न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही पुन्हा बोलावणारे एक घर त्या अफाट शहरात होते. गुजराती लेखक नारायण हेमचंद्र यांची आणि त्यांची भेट तेथेच झाली. आपल्या मुलखाचा माणूस भेटणे, हा परदेशातील विद्यार्थ्यासाठी किती मोठा आधार असतो, हे वेगळे सांगायला नको.

८/
आता आपल्याकडचे एक उदाहरण. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून प्रथम वर्गात पदवी मिळवली. विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना गुणांनुसार मिळायला हवी होती; स्त्री असल्यामुळे ती नाकारली गेली. तेव्हा मॅनिंगबाई, लेडी मेरी हॉबहाउस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आदींनी त्यांच्यासाठी निधी उभारण्यास हातभार लावला. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या.

९/
या मदतीला दुसरी बाजूही होती. पालकांची इच्छा असल्यास संस्था मुलाची देखरेख पत्करी: त्याच्या पैशांचा व्यवहार पाहणे, निवासाची व्यवस्था करणे, अभ्यासाची प्रगती घरी कळवणे. चिंताग्रस्त पालकांना हे हवेच होते. पण एका मूलभूत प्रश्नाचे बीज यातच होते. विद्यार्थ्याविषयीची माहिती गोळा होते, ती पुढे कोणाकडे जाते? पालकांकडे जाते तोवर ठीक. सरकारकडे जाऊ लागली तर?

१०/
वंगभंगानंतर हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. त्याच वर्षी, १ जुलै १९०५ रोजी, श्यामजी कृष्ण वर्मा यांनी लंडनच्या हायगेट भागात ‘इंडिया हाउस’ सुरू केले. सुमारे २५ विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय, ग्रंथालय, वाचनकक्ष, टेनिसचे मैदान. भारतीयांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठी चालवलेले हे वसतिगृह होते. येथे जेवणासाठी मिनतवारी करावी लागत नव्हती आणि मनातले बोलण्याची चोरी नव्हती.

११/
श्यामजींनी शिष्यवृत्त्याही जाहीर केल्या. मात्र त्या घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी करू नये, अशी अट होती. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकर यांना शिवाजी शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०६ मध्ये ते लंडनला आले. श्यामजी १९०७ मध्ये पॅरिसला गेल्यावर इंडिया हाउसची सूत्रे सावरकरांकडे आली. निवारा, शिक्षण आणि राजकारण येथे एकाच ताटात वाढले जात होते.

१२/
इंडिया ऑफिस सावध झाले. १९०७ मध्ये भारतमंत्री जॉन मॉर्ले यांनी भारतीय विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते सर विल्यम ली-वॉर्नर, मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सेवा केलेले अधिकारी. सदस्य दोन: अलीगढच्या कॉलेजचे माजी प्राचार्य थिओडोर मॉरिसन आणि सर विल्यम कर्झन वायली. होय, तेच वायली.

१३/
समितीसमोर आलेल्या अडचणी खऱ्या होत्या. वर्णद्वेष होता, योग्य मार्गदर्शन नव्हते, चांगल्या घरांत प्रवेश मिळत नव्हता. पण समितीला आणखी एका गोष्टीची काळजी होती, ती म्हणजे विद्यार्थ्यांच्या राजकीय मतांची. दोन्ही चिंता एकाच चौकशीत मिसळल्या गेल्या. अहवाल तर त्या वेळी प्रसिद्धच झाला नाही. ज्यांच्या हितासाठी तो लिहिला, त्यांना तो वाचायला मिळाला १९२२ मध्ये!

१४/
१९०९ मध्ये सरकारने भारतीय विद्यार्थ्यांसाठी माहिती कार्यालय उघडले. शैक्षणिक सल्लागार म्हणून आले थॉमस वॉकर आर्नल्ड, लाहोरमध्ये कवी इक्बाल यांना शिकवलेले विद्वान. आर्नल्ड यांच्या विद्वत्तेविषयी शंका नव्हती. प्रश्न त्यांच्या कार्यालयाचा होता. ते इंडिया ऑफिसच्या अधीन होते. याच काळात पोलिसांचे हेर विद्यार्थ्याच्या वेषात इंडिया हाउसमध्ये वावरत होते. सल्ला देणारा कोण आणि टिपणे काढणारा कोण, हे विद्यार्थ्याने ओळखायचे कसे?

१५/
आता पुन्हा धिंग्रांकडे. ते युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अभियांत्रिकी शिकत होते. अमृतसरच्या त्यांच्या राजनिष्ठ कुटुंबाला मुलाच्या संगतीची धास्ती वाटत होती. थोरल्या भावाने वायलींना पत्र लिहून त्याच्याकडे लक्ष ठेवण्याची विनंती केली. वायलींनी त्यानुसार एप्रिल १९०९ मध्ये धिंग्रांना पत्र पाठवून मदतीची तयारी दाखवली. भावाच्या दृष्टीने ही माया होती, वायलींच्या दृष्टीने सौजन्य. धिंग्रांच्या दृष्टीने तो साम्राज्याचा हात होता.

१६/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपला हेतू राजकीय असल्याचे धिंग्रांनी स्वतः स्पष्ट केले. १७ ऑगस्ट १९०९ रोजी पेंटनव्हिल तुरुंगात ते फाशी गेले. एकटेपणातून किंवा गैरसोयीतून हे कृत्य घडले, असे म्हणणे म्हणजे इतिहासाचा विपर्यास होईल. मात्र इंडिया ऑफिसमध्ये वायलींकडे कोणती कामे होती, ते पाहा. विद्यार्थ्यांचा हितचिंतक आणि विद्यार्थ्यांवरील सरकारी नजर, या दोन्ही भूमिका एकाच माणसाने धारण केल्या होत्या.

१७/
यातून सरकारने कोणता धडा घेतला? १९१० मध्ये २१, क्रॉमवेल रोड या इमारतीत माहिती कार्यालय, नॅशनल इंडियन असोसिएशन आणि नॉर्थब्रुक सोसायटी एकत्र आणण्यात आल्या. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी काही खोल्याही तेथे होत्या. सोय चांगली होती. पण मॅनिंगबाईंच्या काळापासून खासगी स्नेहावर चाललेली संस्था आता सरकारी छपराखाली आली, आणि छपराचा संशय तिच्याही वाट्याला आला.

१८/
कायद्याच्या ‘इन्स’मध्ये प्रवेश घेताना भारतीय विद्यार्थ्याला मायदेशातील जिल्हा अधिकाऱ्याचे वर्तणुकीचे प्रमाणपत्र आणावे लागू लागले. इंग्रज विद्यार्थ्याला आपल्या कलेक्टरकडे जावे लागत नव्हते! ज्या कार्यालयाने अडचणीत मदत करायची, त्याच व्यवस्थेकडे आपली नोंद आहे, हे कळल्यावर शहाणा मुलगा अडचण सांगायलाच जात नसे. परिणामी ज्यांना आधाराची सर्वांत अधिक गरज, तेच त्या दारापासून सर्वांत दूर राहिले.

१९/
पहिल्या महायुद्धानंतर लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती बसली (१९२१–२२). विद्यार्थ्यांच्या मनात सरकारी विभागाविषयी खोल अविश्वास आहे, हे तिला नोंदवावेच लागले. ली-वॉर्नर अहवाल अखेर याच अहवालाच्या जोडीने छापला गेला. तोवर विद्यार्थ्यांचा विभाग १९२० मध्ये नव्याने निर्माण झालेल्या भारताच्या हाय कमिशनरकडे गेला होता.

२०/
त्याच काळात किंग हेन्रीज रोडवरील एका खोलीत डॉ. भीमराव आंबेडकर राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, असा दुहेरी अभ्यास. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, घरमालकिणीकडचे तुटपुंजे खाणे आणि रात्री भूक लागली की पत्र्यावर भाजलेले पापड, असे त्यांच्या चरित्रात वाचायला मिळते. १९०७ पासून समित्या बसत होत्या, कार्यालये उघडत होती. आणि एवढा मोठा विद्वान लंडनमध्ये अर्धपोटी अभ्यास करीत होता.

२१/
मग यशस्वी काय ठरले? १९२० मध्ये के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने वायएमसीएचे भारतीय विद्यार्थी वसतिगृह लंडनमध्ये सुरू झाले. जागा होती ‘शेक्सपिअर हट’, महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेली तात्पुरती इमारत. पुढे १९२३ मध्ये ते ११२, गॉवर स्ट्रीट येथे गेले. चालवणारे भारतीय, जेवण भारतीय, आणि वादविवादाला मोकळीक. जागा बदलत हे वसतिगृह आजही लंडनमध्ये उभे आहे. क्रॉमवेल रोडचे कार्यालय मात्र आता केवळ अभ्यासकांना ठाऊक आहे.

२२/
शेवटी आपल्या अंगणातील एक प्रसंग. कारण कालांतराने पुणे स्वतःच परदेशी विद्यार्थ्यांचे यजमान झाले. फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी पाहिले, की एक मुलगी खिडकीतून एका विद्यार्थ्याला जेवण देत आहे. तो मॉरिशसचा होता आणि काविळीने आजारी पडला होता. परक्या शहरात त्याला बघणारे दुसरे कोणी नव्हते. या अनुभवातून १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘सिंबायोसिस’ या सांस्कृतिक केंद्राची सुरुवात झाली.

२३/
लंडनच्या कहाणीशेजारी हा प्रसंग ठेवून पाहा. ताट देणाऱ्या मुलीने त्याच्या आजाराची नोंद कोणाकडे पाठवली नाही, त्याच्या मतांची चौकशी केली नाही. इंडिया ऑफिसकडे पैसा होता, इमारत होती, विद्वान सल्लागारही होते. नव्हती ती एकच गोष्ट: येथे सांगितलेले आपल्याविरुद्ध वापरले जाणार नाही, ही विद्यार्थ्याला खात्री. ती नसेल तर उत्तम सोयही ओस पडते.

२४/
आज आपल्यापैकी अनेकांचे मित्र, भावंडे परदेशी विद्यापीठांत शिकत आहेत, आणि आपल्या शहरांत आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून, शेजारी देशांतून विद्यार्थी येत आहेत. समुपदेशन कक्ष, सहायता क्रमांक, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालये सर्वत्र झाली आहेत. त्यांची पारख करायची असेल तर १९०९ चाच प्रश्न विचारावा: येथे सांगितलेली गोष्ट पुढे कोणाकडे जाते?

२५/
तुमच्या घरात विलायतेला शिकायला गेलेल्या आजोबा-पणजोबांची पत्रे असतील, तर ती जपून ठेवा. समित्यांचे अहवाल अभिलेखागारात सुरक्षित आहेत. जेवणाची आबाळ, पहिली थंडी, पहिला मित्र हा इतिहास मात्र अशा पत्रांतच सापडतो. अशी एखादी आठवण तुमच्याकडे असल्यास खाली अवश्य लिहा.
(समाप्त)