हातीं काम, कानीं नभोवाणी

मनुष्याच्या इंद्रियांत कान हें मोठें सोशीक इंद्रिय आहे. डोळे पुस्तकांत गुंतले कीं हातांचें काम थांबतें. कान मात्र गोष्टींत गुंतले असले तरी हात भाजी निवडीत राहतात आणि पाय वाट चालत राहतात. वाचनास बैठक लागते, श्रवणास ती लागत नाहीं. स्वयंपाक करतांना, फिरावयास जातांना किंवा आगगाडीच्या प्रवासांत सार्वजनिक नभोवाणीचे कोणते 'पॉडकास्ट' ऐकावे, अशा शिफारशी हल्लीं वारंवार वाचावयास मिळतात, त्यांचें मूळ कानाच्या या गुणांत आहे. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ सालचा. परंतु काम करणाऱ्यानें काय ऐकावें आणि तें कोणीं ठरवावें, हा प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे. मुंबईपुरता त्याचा इतिहास पाहिला असतां कांहीं बोध होण्यासारखा आहे.

नभोवाणीच्या पूर्वीं काम करणारा आणि गाणारा एकच असे. जात्यावर बसलेली स्त्री स्वतःच ओवी रची आणि स्वतःच गाई. मोट हांकणारा शेतकरीहि तसाच. मुंबईस पोट भरावयास आलेल्या कष्टकऱ्यांची ही सोय गेली. सूतगिरणीच्या खडखडाटांत गाणाऱ्याचा आवाज त्याच्या स्वतःच्याच कानीं पडत नसे; आणि पिठाची गिरणी आल्यावर घरांतून जातें उठलें, त्याबरोबर ओवीहि उठली. शहरांतला श्रम असा मुका झाला. ही उणीव पुढें नभोवाणीनें बऱ्याच अंशीं भरून काढिली. पण आरंभींच नव्हे.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. यंत्राची शक्ति दीड किलोवॅट, आवाजाचा पल्ला सुमारें तीस मैल, आणि ऐकणाऱ्यास वर्षाला दहा रुपयांचा परवाना! सर्व देशांत परवानाधारकांची संख्या त्या कंपनीच्या हयातींत आठ हजारांवर गेली नाहीं. १९३० सालीं कंपनी बुडाली आणि १ एप्रिलपासून सरकारनें हा कारभार हातीं घेतला. ८ जून १९३६ रोजीं त्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें. त्या काळीं यंत्र दिवाणखान्यांत असे आणि श्रोता खुर्चींत असे. ज्याचे हात कामांत होते, त्याच्या कानांपर्यंत ही वाणी पोंचलीच नव्हती.

ती पोंचली स्वातंत्र्यानंतर. यंत्रें स्वस्त झालीं, पुढें ट्रान्झिस्टर आला, आणि केंद्रानेंहि श्रोता ओळखला. कामगारांसाठीं एक सभा आणि गृहिणींसाठीं 'वनिता मंडळ', असे कार्यक्रम मुंबई केंद्रावरून होऊं लागले. 'पुन्हा प्रपंच'मधलीं टेकाडे भावजी आणि मीनावहिनी हीं माणसें घरोघरच्या संसारांत शेजाऱ्यांसारखीं वावरूं लागलीं. पुण्याच्या केंद्रानें १ एप्रिल १९५५ पासून 'गीतरामायण' सुरू केलें. वर्षभर दर शुक्रवारीं सकाळीं पावणेनवाच्या सुमारास नवें गीत, अशीं छप्पन्न गीतें झालीं. ही वेळ चुलीची आणि कचेरीच्या घाईची. रामकथा ऐकण्यासाठीं कोणासहि काम टाकून देवळांत जावें लागलें नाहीं. कथाच कामाच्या जागीं आली.

माटुंग्यासारख्या वस्तींत या गोष्टीचें महत्त्व विशेष होतें. एकीकडे १९१५ सालापासूनचा रेल्वेचा कारखाना, दुसरीकडे हिंदु कॉलनी व पांच बागांभोवतीं वसलेला मध्यमवर्ग; त्यांत मराठी, गुजराती, तामिळ, कानडी असे नाना भाषांचे लोक. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत एका खिडकींतला आवाज चार स्वयंपाकघरांस पुरतो. बातम्या लागल्या म्हणजे डबा भरून तयार हवा, अमुक गाणें संपलें म्हणजे शाळेची वेळ झाली, असें नभोवाणीचें घड्याळ गृहिणींच्या अंगवळणीं पडलें. एकच वाक्य, एकच विनोद त्याच क्षणीं अनेकांच्या कानीं पडे. दुपारीं जिन्यांत बोलावयास तेवढें भांडवल पुरे होई.

या व्यवस्थेचा दोषहि झांकूं नये. काय ऐकावें हें ठरविणारा श्रोता नव्हता. डॉ. बा. वि. केसकर १९५२ सालीं नभोवाणीचे मंत्री झाले आणि चित्रपटसंगीताची गळचेपी झाली. श्रोत्यांनीं वाद घातला नाहीं. खुंटी पिळली आणि रेडिओ सिलोन लाविलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथून अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं 'विविध भारती' काढून सरकारास श्रोत्यांच्या आवडीस मान द्यावा लागला. कष्ट करणाऱ्याचे कान मोकळे असतात, पण ते बिनतक्रार ओतून घेणारें भांडें नव्हे, हा त्या प्रकरणाचा अर्थ.

आज पारडें पूर्ण फिरलें आहे. आकाशवाणीचीं केंद्रें 'न्यूज ऑन एअर'च्या द्वारें खिशांतल्या फोनवर ऐकतां येतात. साठविलेला कार्यक्रम हवा तेव्हां लावावा, कळला नाहीं तर पुन्हा लावावा. वेळापत्रकाची सत्ता गेली हा मोठा लाभ होय. मात्र माटुंगा स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या दहा जणांच्या कानांत आज दहा निरनिराळे आवाज असतात, आणि शेजारी काय ऐकतो हें कोणासहि ठाऊक नसतें.

म्हणून शिफारस करावयाची तर ती कामाची जात पाहून करावी, असें आम्हांस वाटतें. भाजी निवडतांना किंवा कपड्यांच्या घड्या घालतांना मुलाखत अथवा श्रुतिका चालते. हिशेबाच्या कामास शब्दांवांचून संगीत बरें. रस्ता ओलांडतांना कान रस्त्याकडेच असावे. याखेरीज दिवसांतून एक तरी कार्यक्रम, मग तो मराठी बातम्यांचा कां असेना, घरांत सर्वांस ऐकूं येईल असा लावावा. बाकीच्या वेळीं प्रत्येकानें आपल्या आवडीचें खुशाल ऐकावें. पण एका घरांतल्या माणसांस जेवतांना बोलावयास कांहीं सामाईक विषय हवा, आणि तो पुरविण्याचें काम नभोवाणीनें या शहरांत अनेक वर्षें चोख केलें आहे.