‘जीन’चं मूळ गाव

दिवाळी झाली की जळगाव-धुळ्याकडे कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दारात रांग लावतात. जुनी माणसं त्या कारखान्यालाच ‘जीन’ म्हणतात. अहिराणीत कापूस ‘जीनमा’ जातो. इंग्रजीने आणलेले लॅटिन शब्द म्हटलं की आपल्याला कलेक्टर आणि कोर्ट आठवतात. ते साहेबाचे शब्द. कापूसवाल्याच्या जिभेवर मुरलेला लॅटिन शब्द हा.

मूळ रूप ‘इंगेनियुम’, अर्थ उपजत बुद्धी. त्यातला धातू जन्माचा. संस्कृतातला ‘जन्’ त्याचाच भाऊबंद. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धीची युक्ती झाली आणि युक्तीचं यंत्र. तट फोडायच्या अवजारांनाही तेच नाव. इंग्रजीत ‘एंजिन’ तर राहिलंच, शिवाय डोकं छाटून ‘जिन’ही झालं. सापळा असो की ओझं उचलायची तिकाटी, सगळं जिनच. १७९४ साली अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी वेगळी करायच्या यंत्राचं पेटंट मिळवलं आणि शब्द कापसाला चिकटला तो चिकटलाच.

आपल्याकडे आला तो सरकारी पाहुणा म्हणून. धरणगावात १८५५ साली सरकारने करवतीच्या जिनांचा कारखाना घातला. प्रयोग काही तगला नाही. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, इथले भाव चढले. त्याच दशकात रेल्वे खानदेशात शिरली आणि जळगावची पेठ फुगली. देशी आखूड धाग्याला मानवलं ते रोलरचं जीन: चामडी रूळ रुई ओढून घेतो, सुरीपाशी सरकी अडते, दुसरी हलती सुरी तिला टोले देऊन खाली पाडते. हे फिरवायला वाफेचं इंजिन. म्हणजे एकाच लॅटिन शब्दाची धाकटी पाती थोरलीला पट्ट्याने जोडलेली, आणि शेडभर उडणाऱ्या तुसात हे नातं कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. भुसावळला तर तेच इंजिन रुळांवर धावत होतं.

बाटलीतली जिन जुनिपर झाडाची. तीही लॅटिनच, पण वेगळ्या घराण्यातली. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पाठीवर चढतं ते जीन फारसी. त्याला या वंशावळीत ओढू नये.