तळटीप : 'घुमणारा हॉल'

* पिंपळगाव बसवंतला काय नि अन्यत्र काय, पत्र्याच्या मंगल कार्यालयात मंगलाष्टकांचे शब्द एकमेकांत मिसळतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धावतो. भिंतीवरून परतलेली लाट १७ मीटर जादा फिरून, म्हणजे ५० मिलिसेकंद उशिरा आली, की बोलणं अस्पष्ट होऊ लागतं.

हॉल किती घुमतो हे मोजायला फुगा फोडून ध्वनिमुद्रण केलं तरी चालतं.

१८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी ऑर्गनची नळी, स्टॉपवॉच आणि शेजारच्या नाट्यगृहातून उचलून आणलेल्या गाद्या एवढ्या सामानावर एका व्याख्यानगृहाचा घुमण्याचा काळ काढला : सुमारे साडेपाच सेकंद! (आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, ही मोजणी आजही तीच.) मुंबईत एनसीपीएच्या टाटा थिएटरचं (१९८०) हे गणित सिरिल हॅरिस यांनी ध्वनिवर्धकाविना मैफल रंगावी म्हणून बांधकामाआधीच बसवलं. मंगल कार्यालयांत मात्र स्पीकर वाढवतात. त्याने परतणारा आवाजही तितकाच वाढतो. – संपादक