अर्न्स्ट लुबिच : सूचक विनोदाचे शिल्पकार

अर्न्स्ट लुबिच (२९ जानेवारी १८९२ – ३० नोव्हेंबर १९४७) हे मूळचे जर्मन आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले चित्रपट दिग्दर्शक होत. प्रेम, विवाह आणि पैसा यांभोवती फिरणाऱ्या सुसंस्कृत विनोदी चित्रपटांना त्यांनी स्वतंत्र घाट दिला. सारे काही न दाखवता उरलेला अर्थ प्रेक्षकांवर सोपवण्याची त्यांची हातोटी ‘लुबिच टच’ या नावाने ओळखली जाते.

बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचा व्यवसाय कपड्यांचा होता. मुलाचा ओढा मात्र रंगभूमीकडे होता. १९११ मध्ये ते माक्स राइनहार्ट यांच्या नाट्यसंस्थेत दाखल झाले. छोट्या विनोदी चित्रपटांत भूमिका करीत असतानाच ते दिग्दर्शनाकडे वळले. ‘मादाम द्यु बारी’ (१९१९) या भव्य ऐतिहासिक चित्रपटाने त्यांची कीर्ती अमेरिकेत पोहोचवली आणि १९२२ मध्ये अभिनेत्री मेरी पिकफर्ड यांच्या निमंत्रणावरून ते हॉलिवूडला गेले.

तेथे ‘द मॅरेज सर्कल’ (१९२४) या मूकपटापासून त्यांना आपली वाट गवसली. ऑस्कर वाइल्ड यांच्या नाटकावरील ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ (१९२५) करताना त्यांनी वाइल्ड यांची प्रसिद्ध चमकदार वाक्ये वगळली आणि केवळ नजरा व हालचालींतून तो विनोद उभा केला. बोलपट आल्यावरही ही दृष्टी बदलली नाही. ‘ट्रबल इन पॅरडाइज’ (१९३२) मध्ये एका संध्याकाळची प्रणयकथा पडद्यावर फक्त घड्याळे दाखवून आणि पात्रांचे आवाज ऐकवून सांगितली आहे. ‘निनोच्का’मध्ये (१९३९) पॅरिसला आलेल्या तीन सोव्हिएत प्रतिनिधींची चैन हॉटेलच्या बंद दारामागून येणाऱ्या जल्लोषातूनच कळते.

नाझी राजवटीने १९३५ मध्ये लुबिच यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले. पुढच्या वर्षी ते अमेरिकी नागरिक झाले. ‘टु बी ऑर नॉट टु बी’ (१९४२) हा त्यांच्या विनोदाची कसोटी पाहणारा चित्रपट ठरला. व्यापलेल्या वॉर्सामधील एक नाटकमंडळी नाझींना चकवते, असे त्याचे कथानक आहे. प्रत्यक्ष युद्ध चालू असताना आणि नायिका कॅरोल लोम्बार्ड यांच्या विमान अपघातातील मृत्यूनंतर तो प्रदर्शित झाला. एका नटाच्या वाईट अभिनयाची तुलना पोलंडच्या दुर्दशेशी करणारा संवाद अनेकांना असह्य वाटला. आपण पोलिश जनतेची नव्हे, तर नाझी आणि त्यांच्या हास्यास्पद विचारसरणीची खिल्ली उडवली आहे, अशी भूमिका लुबिच यांनी घेतली. आज या चित्रपटाची गणना त्यांच्या श्रेष्ठ कृतींत होते.

शैलीच्या दृष्टीने ‘ट्रबल इन पॅरडाइज’ आणि माणसांच्या खरेपणाच्या दृष्टीने बुडापेस्टमधील एका दुकानाची कथा सांगणारा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०), अशी स्वतःच्या चित्रपटांबद्दलची पसंती त्यांनी अखेरच्या वर्षी एका पत्रात नोंदवली होती. १९४७ मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळाले आणि त्याच वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचा अपुरा राहिलेला ‘दॅट लेडी इन अर्मिन’ ओटो प्रेमिंजर यांनी पूर्ण केला. ‘निनोच्का’चे एक पटकथाकार आणि पुढे ख्यातनाम दिग्दर्शक झालेले बिली वाइल्डर यांच्या कार्यालयात ‘लुबिच यांनी हे कसे केले असते?’ अशा आशयाची पाटी कायम लावलेली असे.