बाजेवरचा पंडित, चिखलातला पाद्री

मान वर करा. फतेपूर सिक्रीच्या शाही महालाच्या भिंतीला घासत एक बाज दोरांनी वर चालली आहे. बाजेवर देवी नावाचा ब्राह्मण बसलाय. सज्जाशी पोचल्यावर बाज तशीच अधांतरी थांबते. आत अकबर, बाहेर पंडित, मध्ये कठडा. आता ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, सूर्य, अग्नी, जे निघेल ते. पंडित आत पाऊल टाकत नाही, बादशहा बाहेर येत नाही, तरी बोलणं व्यवस्थित चालू आहे.

हा प्रकार दरबारातल्या मुल्ला बदायुनीला साफ नापसंत आहे. बाहेरच्या लोकांनी बादशहाला बिघडवलं, असं त्याचं ठाम मत. ते तो गुपचूप लिहून ठेवतोय आणि ते बाहेर येणार अकबर गेल्यावर. पण या बाजेची गोष्ट तुम्हाला कळली ती त्याच्याचमुळे. स्तुतिपाठकानं ती कदाचित गाळली असती.

आता जरा पुढे सरका. १५८०च्या फेब्रुवारीची अखेर. काळ्या झग्यातले तीन जेझुइट पाद्री गोव्याहून येऊन पोचलेत, बादशहाच्याच निमंत्रणावरून. तिशीही न गाठलेला इटालियन रुदोल्फो आक्वाव्हिवा, आंतोनियो मोन्सेराते, आणि फारसी बोलणारा, मूळचा होर्मुझचा फ्रान्सिस्को एन्रिक. अँटवर्पला छापलेल्या बहुभाषी बायबलचे जाडजूड खंड त्यांनी नजर केले आहेत. तुम्ही पुरेसे पुढे उभे असाल तर नीट दिसेल: अकबर पागोटं उतरवतो, एकेक खंड डोक्याला लावतो, चुंबतो. मग विचारतो, शुभवर्तमान यातल्या कुठल्या खंडात आहे? तो दाखवल्यावर त्यावर त्याचे ओठ जास्त वेळ टेकतात.

रात्री इबादतखान्यात, बादशहाच्या धर्मचर्चेच्या दालनात चला. १५७५ साली तो बांधला तेव्हा इथे फक्त मुसलमान विद्वान जमायचे, आणि पहिलं भांडण झालं ते बसायच्या जागेवरून. शेवटी बादशहाला चार बाजू चार गटांना वाटून द्याव्या लागल्या. कुठल्याही साहित्य संमेलनाला गेलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आता इथे पाद्रीही वाद घालतात, आणि तेही काही मवाळ नाहीत. पैगंबरांविषयी ते इतकं तिखट बोलतात की बादशहाला त्यांना जरा आवरतं घ्यायला सांगावं लागतं. मग प्रस्ताव येतो: एकानं कुराण घेऊन, एकानं बायबल घेऊन आगीत शिरावं, जो वाचेल तो खरा. पाद्री नकार देतात. देवाची परीक्षा बघायची नसते, म्हणतात. बदायुनीच्या लेखी हा भित्रेपणा. मला विचाराल तर त्या रात्रीतलं सगळ्यात शहाणपणाचं उत्तर तेच.

अकबराच्या शंका सरळ आहेत. देव एक, तर तीन कसे? देवाला मुलगा कसा? तो क्रुसावरून खाली का उतरला नाही? तो विचारत राहतो आणि बाप्तिस्मा काही घेत नाही. रुदोल्फो ऐकायला आलेलाच नाही, तो जिंकायला आलाय. तीन वर्षांनी, १५८३मध्ये, तो निराश होऊन गोव्याला परततो.

त्याच्या मागोमाग तुम्हीही या. २५ जुलै १५८३, गोव्याच्या साष्टीतलं कुंकळ्ळी. पाऊस, नडगीपर्यंत चिखल. पाच जेझुइट आणि त्यांच्यासोबतचे ख्रिस्ती लोक चर्चसाठी, क्रूस उभारायला जागा बघत फिरताहेत. इथे रुदोल्फो पाहुणा नाही, त्याच्यामागे पोर्तुगीज सत्ता आहे. गावाची देवळं आधीच मोडली गेलीत. त्या मोहिमांत असलेले पाशेकु आणि बेर्नो हे पाद्री आज त्याच्याच शेजारी उभे आहेत. इबादतखाना इथे नाही. प्रश्न विचारायची सोयच कुणी ठेवलेली नाही. गावकरी शस्त्रं घेऊन येतात आणि पाचही जण मारले जातात. त्यानंतर गांवकारांना, म्हणजे गावच्या मुखियांना, बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं जातं. एक जण साळ नदीत उडी टाकून निसटला, असं सांगतात. कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा आज फातर्प्याला आहे आणि शिगम्यात बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या गुलाल उधळत कुंकळ्ळीला येतात.

खुनाचं समर्थन मी करणार नाही. पण रुदोल्फोचा धर्म दोन्हीकडे तोच होता, पुस्तकं तीच होती. फतेपुरात यजमानाच्या मर्जीवर राहावं लागत होतं, म्हणून वाद घालावा लागला. साष्टीत तशी गरज उरली नव्हती.

याच साष्टीत थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री आहे. तो गोव्यात उतरला ऑक्टोबर १५७९मध्ये, म्हणजे रुदोल्फो सिक्रीला निघायच्या जेमतेम महिनाभर आधी. पाच जणांच्या मृत्यूची हकीकत तो १५८३मध्येच आपल्या भावाला पत्रातून कळवतो. त्याच्याकडे आता १६१६मध्ये, रायतूरला जा. छापखान्यातून नुकतं निघालेलं त्याचं क्रिस्तपुराण हातात घ्या. लिपी रोमन, त्यामुळे नजर अडखळते. मोठ्यानं वाचा: मराठी ओवी. पहिल्याच अवस्वरात, म्हणजे अध्यायात, एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीला विचारतो की जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला दुसरं एखादं का देत नाही? हे वाचून मी नेहमी थबकतो. ज्यांनी पोथ्या काढून घेतल्या त्यांच्याचकडे पोथी मागायची वेळ आली, आणि स्टीफन्सनं ती तक्रार न लपवता आपल्याच ग्रंथात घातली. भाषेवर त्याचा जीव होता यात शंका नाही. देवळं पाडणाऱ्या व्यवस्थेचा तो माणूस होता, हेही तितकंच खरं.

१६८४मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयनं फर्मान काढलं: तीन वर्षांत इथली भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. क्रिस्तपुराण १६५४पर्यंत तीनदा छापलं गेलं होतं. त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हातानं उतरवून घेतला म्हणून.