अजिंठ्याचा निळा रंग आणि क्ष-किरणांची साक्ष

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांविषयी लिहिताना ‘शास्त्रज्ञांनी रंग तपासून सिद्ध केले’ असे वाक्य अनेकजण सहज लिहून जातात. काय तपासले आणि कशाने, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. बौद्ध कलेच्या इतिहासात तरी असा मोघमपणा नसावा, असे आम्हांस वाटते.

पूर्वी रंगाची परीक्षा करावयाची तर चित्राचा कण खरवडून घ्यावा लागे. क्ष-किरण अनुस्फुरण पद्धतीत ही हानी टळते. उपकरणातील क्ष-किरण अणूवर पडले की त्याच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. रिकाम्या जागी बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उतरतो आणि त्या वेळी नवा क्ष-किरण बाहेर पडतो. त्याची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्यागणिक ठरलेली असते : लोहाची ६.४, तांब्याची ८.०५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. या ऊर्जेचा अणुक्रमांकाशी असलेला संबंध हेन्री मोझ्ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ साली दाखवून दिला. दोनच वर्षांनी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला.

अजिंठ्याची चित्रे थेट कातळावर काढलेली नाहीत. बेसाल्टच्या भिंतीवर तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेला मातीचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर आणि त्यावर रंग, अशी त्यांची रचना आहे. तांबडा रंग गेरूचा. त्यावर उपकरण धरले तर लोह दिसेल, यात नवल नाही. परंतु क्ष-किरण पातळ रंगथर भेदून गिलाव्यापर्यंत पोहोचतात आणि दख्खनच्या मातीत लोह भरपूर असते. केवळ लोह सापडले म्हणून गेरू ठरत नाही. टायटॅनियमचेही तसेच. युरोपातील जुन्या चित्रात ते आढळले, तर विसाव्या शतकातील पांढऱ्या रंगाने डागडुजी झाल्याचा संशय घेतात. अजिंठ्यात हा तर्क लागू करणे धोक्याचे, कारण बेसाल्टपासून झालेल्या मातीतच टायटॅनियम असते. काजळीचा काळा रंग तर या उपकरणाला दिसतच नाही.

खरी कसोटी निळ्या रंगाची. पाचव्या शतकातील लेण्यांतला तेजस्वी निळा राजावर्ताचा, म्हणजे लाजवर्द दगडाचा आहे. हा दगड बदख्शानच्या, आजच्या अफगाणिस्तानातील, खाणींतून येई. त्यात सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन व गंधक ही हलकी मूलद्रव्ये असतात. सोडियमचे क्षीण किरण हवेतच शोषले जातात. ॲल्युमिनियम व सिलिकॉन मातीतही असतातच. त्यामुळे हातात धरावयाच्या उपकरणाची साक्ष बहुतांशी नकारात्मक असते : तांबे नाही, म्हणून हा ताम्रखनिजाचा निळा नव्हे, कोबाल्ट नाही, म्हणून कोबाल्ट-काचेचाही नव्हे. पण आपल्याकडे पिकणाऱ्या निळीतही तांबे वा कोबाल्ट नसते! नीळ म्हटली तर रंग देशी शेतातला, राजावर्त म्हटला तर बदख्शानपर्यंतचा व्यापारमार्ग. एवढा मोठा ऐतिहासिक फरक या एका उपकरणाच्या आकड्यांवर ठरविता येत नाही. रामन वर्णपटाची वा सूक्ष्मदर्शकाची जोड लागतेच.

बामियानच्या लेण्यांवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ५० पैकी १२ लेण्यांत तैलरंग आढळले. तेल सेंद्रिय असल्याने तेथेही अवरक्त किरणांसारख्या अन्य पद्धती वापराव्या लागल्या.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात दात्याचे, हरिषेण वाकाटकाचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे. राजावर्त कुटून, वाटून त्यातला निळा वेगळा करणाऱ्यांचे नाव त्यात नाही. त्यांनी तो किती बारीक वाटला, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्यासाठी मात्र सुईच्या टोकाएवढा का होईना, कण खरवडावाच लागतो.